टॉवर बंद पडल्यावर अ‍ॅप काय करणार?

वाचक विचारतात : हॅम रेडिओ

गेल्या अंकात हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवला जाणारा बिनतारी संच, आणि इंटरनेट यांच्या जोडणीबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर टपालानं आणि ईमेलनं बरीच पत्रं आली. निवडक प्रश्न इथे घेते. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली आहेत, कारण या विषयात गाव कुठल्या खोऱ्यात आहे यावर अर्धं उत्तर ठरतं.

ताई, जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. फोन तर आधीच गेले होते. आता भाच्यानं हॅमची परीक्षा पास केली आहे. मोबाइलवर ‘एकोलिंक’ नावाचं अ‍ॅप टाकलंय आणि म्हणतो, “मामा, आता पूर आला तरी जगाशी बोलता येईल.” खरं का? — एक वाचक, चिपळूण

भाच्याचं मनापासून अभिनंदन. पण त्याचं म्हणणं कोरड्या गावात खरं आहे, चिपळूणच्या पुरात नाही.

अ‍ॅप मोबाइलवर चालतं आणि मोबाइल टॉवरवर. टॉवरच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात, त्या काही तास खेचतात. मग डिझेलचा जनरेटर, आणि डिझेल आणणार कोण, रस्ता तर पाण्याखाली. समजा टॉवर जिवंत राहिला, तरी त्याला पुढच्या केंद्राशी जोडणारी फायबरची केबल रस्त्याच्या कडेनं गेलेली असते. एखादी मोरी वाहून गेली की केबलही गेली. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसते, तुम्ही अनुभवली असेल: फोनवर सिग्नलच्या काड्या दिसतात, पण फोन काही लागत नाही. टॉवर तुमच्याशी बोलतोय, टॉवरशी मात्र कुणी बोलत नाहीये. अशा वेळी भाच्याचं एकोलिंक आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप एकाच पंगतीला उपाशी.

मग ही जोडणी कामाची कशी? एकोलिंक हे फक्त अ‍ॅप नाही. जोनाथन टेलर या अमेरिकी हॅमनं २००२ मध्ये ते सुरू केलं. त्याची खरी ताकद आहे ‘नोड’मध्ये, म्हणजे एका बाजूनं रेडिओ आणि दुसऱ्या बाजूनं इंटरनेट जोडलेल्या केंद्रात. तुम्ही हातातल्या व्हीएचएफ संचावर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या संचावर, ज्याला आम्ही हँडी म्हणतो, बोलता. ते नोडच्या रेडिओला ऐकू जातं, तिथून इंटरनेटनं दुसऱ्या गावच्या किंवा दुसऱ्या देशातल्या नोडकडे जातं आणि तिकडे पुन्हा रेडिओवर बाहेर पडतं. बोलणाऱ्याच्या हातात इंटरनेट असायची गरज नाही. नोडकडे असलं की झालं.

म्हणून भाच्याला विचारा, “तुझ्या हँडीला किंवा एचएफ संचाला, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह संचाला, ऐकू येईल असा, पुराच्या पाण्याबाहेरचा हॅम कोण?” तो कराडला असेल, पुण्याला असेल. त्याच्याकडे वीज आहे, इंटरनेट आहे. चिपळूणहून त्याच्यापर्यंत निव्वळ रेडिओ, आणि तिथून पुढे खुशाल इंटरनेट. बुडालेल्या गावातल्या टोकाला इंटरनेट लागत असेल तर ती सोय फक्त उन्हाळ्यासाठी आहे असं समजायचं.

एकोलिंकच्या आधी, १९९७ मध्ये, डेव्हिड कॅमरन या कॅनडातल्या हॅमनं आयआरएलपी नावाची जोडणी उभी केली होती. तिच्यात अ‍ॅपवरून शिरताच येत नाही, आत जायचं तर रेडिओवरूनच. अनेकांना हा हट्ट वाटतो. मला तो आवडतो. त्यामुळे निदान माणसाकडे संच असतो, अँटेना असते आणि ती दोन्ही चालतात की नाही हे त्याला रोज कळतं. नुसत्या अ‍ॅपवर हॅम झालेल्या पोरांना वर्षभरात अँटेनाच्या केबलचं टोक सोल्डर करायची वेळच येत नाही. भाच्याला तेवढं आधी शिकवा.

मी अकरावीत आहे. नोडमध्ये नेमकं काय असतं? घरी बनवता येईल का? — एक विद्यार्थी, लातूर

बनवता येतो, आणि तू विचारलंस याचा मला आनंद झाला.

माझ्या टेबलावर आहे तो सांगते. एक जुना व्हीएचएफ मोबाइल संच, गाडीत बसवतात तसला. त्याच्या मागच्या सॉकेटमधून एक केबल निघते ती छोट्या पट्टीवर, म्हणजे इंटरफेसवर. त्या पट्टीत तीन कामं होतात. संचात आलेला आवाज साउंड कार्डात जातो. इंटरनेटवरून आलेला आवाज संचाच्या माइकच्या तारेत जातो. आणि तिसरं काम, जिथे नवशिके अडतात: चॅनेलवर कुणी बोलतंय की नाही हे संगणकाला कळायला हवं, आणि संगणकाला बोलायचं असेल तेव्हा संचाचं बटण ‘दाबलं’ जायला हवं. पहिल्यासाठी संचातून स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडल्याची खूण घेतात, दुसऱ्यासाठी एक ट्रान्झिस्टर नाहीतर ऑप्टोकपलर. बाकी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आणि बारा व्होल्टचा पुरवठा.

चालवायचं कसं? हँडीवर आकड्यांची बटणं असतात. बोलायचं बटण दाबून धरायचं आणि समोरच्या नोडचा क्रमांक वाजवायचा. आकड्यांचे ते सूर तुझा नोड ओळखतो आणि जोडणी लावतो. आवाज इतका दाबून पाठवलेला असतो की पूर्वी डायल-अप मोडेमवरही हे चालायचं. मात्र राउटरमध्ये यूडीपीचे ५१९८ आणि ५१९९ हे पोर्ट आत वळवावे लागतात, नाहीतर तुला सगळे दिसतील आणि तू कुणाला ऐकू जाणार नाहीस.

आता वळण लावायच्या गोष्टी. बटण दाबल्या दाबल्या बोलायचं नाही. वाटेतल्या सगळ्या यंत्रांना जागं व्हायला सेकंदभर लागतो. “मालन” म्हणालास तर पलीकडे “लन” पोचेल. आणि समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच तोंड उघडायचं नाही. दोन श्वास थांब, मधे कुणाला ‘ब्रेक’, म्हणजे ‘मला बोलू द्या’, म्हणायचं असेल. जोडणीवर उशीर असतो, त्यामुळे दोघं एकदम बोलले तर दोघांनाही ते कळत नाही आणि निरोप हवेत जातो. पूर येईल तेव्हा नेमका याच थांबण्याचा उपयोग होतो.

एक मात्र आधीच सांगते. संच चालवायला परवाना लागतो, आणि नोड किंवा रिपीटर (आलेला आवाज पकडून पुन्हा हवेत सोडणारा संच) चोवीस तास हवेत सोडायचा तर परवान्यातल्या अटी वाचूनच. रिपीटरला वेगळी परवानगी घ्यावी लागते. प्रयोग टेबलावर अँटेनाऐवजी डमी लोड (लहर बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा रोध) लावून कर, तोवर कुणाची ना नाही.

हे सगळं कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात कुठे उपयोग झाल्याचं एक तरी उदाहरण आहे का? की नुसता छंद? — एक वाचक, नागपूर

छंद तर आहेच, आणि नुसता म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण उदाहरणं आहेत.

अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर मायामीत आहे. तिथे १९८० पासून हॅम लोकांचं केंद्र चालतं, त्याची कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव, डब्ल्यूएक्स४एनएचसी. चक्रीवादळ आलं की स्वयंसेवक तिथे बसतात. कॅरिबियन बेटांवरचे हॅम वारा किती, वायुदाब किती, कुणाचं छप्पर उडालं हे कळवतात आणि ते थेट अंदाज करणाऱ्यांच्या टेबलावर जातं. उपग्रहाला ढग दिसतो, गल्लीतलं पत्र्याचं छप्पर दिसत नाही. हे निरोप दोन वाटांनी येतात. एक, एकोलिंक आणि आयआरएलपी एकत्र बांधलेली परिषद, जिला व्हॉइप हरिकेन नेट म्हणतात. दुसरी, १४.३२५ मेगाहर्ट्झवरचं हरिकेन वॉच नेट, तो १९६५ पासूनचा निव्वळ शॉर्टवेव्हचा कारभार. इंटरनेटची वाट आली म्हणून जुनी कुणी मोडली नाही. इथेच त्यांचं शहाणपण दिसतं.

का मोडली नाही, ते २०१७ मध्ये दिसलं. २० सप्टेंबरला मारिया हे वादळ पोर्टो रिकोवर आलं आणि बेटावरचे पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास मोबाइल टॉवर बंद पडले. अमेरिकन रेडक्रॉसनं अमेरिकेतल्या हॅम संघटनेकडे, एआरआरएलकडे, पन्नास माणसं मागितली. बावीस गेली. सोबत एचएफ संच, बॅटऱ्या आणि तारा. त्यांनी विनलिंक नावाची पद्धत वापरली. लॅपटॉपवर साधं ईमेल लिहायचं, ते मोडेममधून सूर होऊन शॉर्टवेव्हवर जायचं, समुद्रापलीकडच्या केंद्रात पुन्हा ईमेल व्हायचं आणि तिथून नेहमीच्या इंटरनेटनं पत्त्यावर. “मी सुखरूप आहे” अशा याद्या अशाच गेल्या. चिपळूणच्या वाचकांना वर जे सांगितलं, तेच इथे समुद्र मधे घालून झालं.

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून ठसठशीत, आणि त्यात इंटरनेटचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर २००४. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद अंदमानात गेल्या होत्या. तिथून वर्षानुवर्षं कुणी हॅम हवेत नव्हता, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या व्हीयू४आरबीआय या कॉल साइनशी संपर्क साधायला टपलेले. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी. पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांचा संच आणि अँटेना होतीच. हौसेचे संपर्क बंद झाले आणि त्याच संचावरून लोकांची खुशाली, मदतीचे निरोप मुख्य भूमीकडे जायला लागले. तिकडचे हॅम मग तेच निरोप फोनवरून घरोघरी पोचवत होते. इंटरनेट असो वा फोन, दुसरं टोक कोरडं आणि जागं असलं म्हणजे झालं.

आमच्या शाळेत २०१९ च्या पुरात छावणी होती. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच सगळं चाललं. सॅटेलाइट फोनही मिळतात म्हणे. मग हॅमची ब्याद कशाला? — एक शिक्षिका, सांगली

बाई, छावणीत व्हॉट्सअ‍ॅप चाललं हे तुमचं नशीब. पण ते चाललं तेव्हा ग्रुपवर काय आलं ते आठवून पाहा. धरण फुटल्याचे मेसेज आले की नाही? एकच “बोट हवी” पंधरा ठिकाणांहून फिरून आलं की नाही, आणि बोट पोचल्यावरही दोन दिवस फिरत राहिलं की नाही?

रेडिओच्या ‘नेट’वर, म्हणजे एकाच लहरीवर जमलेल्या हॅममंडळीत (इंटरनेट नव्हे), एक जण नेट कंट्रोल असतो. तो सांगेल तेव्हाच बोलायचं. निरोप कागदावर लिहून घेतात: कुणाकडून, कुणाला, किती वाजता, शब्द किती. मग तो वाचून परत सांगायचा, आणि पाठवणारा “बरोबर” म्हणेपर्यंत तो पोचला असं धरत नाहीत. छावणीतून औषध मागवायचं तर हे लाखमोलाचं. गोळ्यांची नावं अशी सारखी असतात की आवाजात हमखास घोटाळा होतो. म्हणून अक्षर अक्षर ठरलेल्या शब्दांत सांगायचं, एम, ई, टी साठी “माइक, इको, टँगो…”, आणि मिलिग्रॅमचा आकडा सुटा सुटा: “पाच, शून्य, शून्य”, पाचशे नाही. नर्सबाईंना चिठ्ठी हातात मिळाली की त्यांनी ती मोठ्यानं वाचायची, तेव्हा विषय संपला.

आणखी एक फरक आहे. फोनवर एकाला सांगितलं की एकालाच कळतं. नेटवर एकानं सांगितलं की शेजारच्या छावणीनंही ऐकलेलं असतं. “आमच्याकडे आहेत त्या गोळ्या, पाठवतो,” असं तिसराच कुणी मधे बोलतो. त्याचीच दुसरी बाजू अशी की हॅमवर गुपित काही नसतं. मयताचं नाव हवेत घ्यायचं नाही, हा संकेत त्यासाठीच.

सॅटेलाइट फोन चांगला, पण आपल्याकडे तो सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही. कुणी परदेशातून आणून ठेवला तर पुराआधी पोलीस घरी येतील. जिल्हाधिकारी कार्यालयात तो असू दे, तुमच्या शाळेत येणार नाही.

मुलगा ह्यूस्टनला असतो, तिकडे त्यानं हॅमचा परवाना घेतलाय. आम्ही दापोलीत. ‘निसर्ग’ वादळात कितीतरी दिवस त्याला आमचा पत्ता लागत नव्हता. एकोलिंकवरून त्यानं विचारलं तर चालेल का? — एक गृहिणी, दापोली

त्याचा परवाना एकोलिंकनं तपासून घेतलेला असेल तर तो भारतातल्या हॅमशी गप्पा मारू शकतो. पण आई-वडिलांसाठी निरोप द्यायचा म्हणजे तो तिसऱ्या माणसाचा निरोप झाला, आणि एका देशातून दुसऱ्या देशात असे निरोप हॅमवरून एरवी नेता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमात त्याला अपवाद आहे तो आणीबाणी आणि आपत्ती निवारणाचा. ‘निसर्ग’सारखं वादळ त्यात बसतं.

मात्र मुलाला एक समजावून सांगा. नेटवर निरोपांना क्रम असतो. आधी जिवावर बेतलेलं, मग मदतकार्याचं तातडीचं, त्यानंतर खुशाली. “आईबाबा कसे आहेत” हा निरोप तिसऱ्या रांगेत उभा राहील, एखादा दिवस राहील. त्यानं दर तासाला विचारून चॅनेल अडवू नये. उलटी पद्धत बरी: तुम्हीच दापोलीतल्या एखाद्या हॅमला आधीच सांगून ठेवा की वादळानंतर “घर ठीक, माणसं ठीक” एवढं ह्यूस्टनच्या या नंबरावर कळवायचं. बाहेर जाणारा एक निरोप, आत येणाऱ्या दहा चौकशा वाचवतो.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत वॉकीटॉकी मिळतात. आमच्या मंडळानं घेतले तर? परवाना कसा काढायचा? — तरुण मंडळाचा कार्यकर्ता, महाड

घेऊ नका. स्वस्त हँडीवरून चुकून पोलिसांच्या नाहीतर विमानाच्या लहरीवर गेलात तर मंडळाच्या अध्यक्षांना कळेल कोण येतं ते. असले संच सर्रास विकले जातात म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच काढली.

परवाना अवघड नाही. बारा वर्षं पूर्ण असलेला कुणीही परीक्षेला बसू शकतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ती घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. थोडी इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख आणि नियम, एवढाच अभ्यास. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स लागत नाही आणि कॉल साइन व्हीयू३ नं सुरू होते. मोर्सही शिकलात तर जनरल, व्हीयू२.

पण महाडकरांनी नुसत्या हँडीवर भागवू नये. पाच वॅटची हँडी डोळ्याला दिसेल तिथवर, आणि तुमच्याकडे चहूबाजूंनी डोंगर. तळियेची दरड आठवा, २२ जुलै २०२१ ची. तसल्या खोऱ्यातून व्हीएचएफ बाहेर निघत नाही. तिथे चाळीस मीटरचा बँड लागतो. वीस मीटर तार घ्या, मधोमध तोडून तिथे केबल जोडा, आणि ती उंच टांगायच्या फंदात पडू नका. दोन सुपारींच्या मधे तीन-चार मीटरवर बांधा. एवढ्या खाली बांधली की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आकाशातल्या थरावर आपटून छत्रीसारखी खाली पसरते. डोंगर मधे येतच नाहीत. दिवसा पुणे, कोल्हापूर, मुंबई आरामात. रात्री तो थर विरळ होतो, मग ऐंशी मीटरवर या, म्हणजे दुप्पट लांबीची दुसरी तार आधीच कापून गुंडाळून ठेवा.

संच गाडीच्या बॅटरीवर चालवा. नुसतं ऐकायला अँपिअरभर वीज लागते, शंभर वॅटनं बोलायला वीस अँपिअर. म्हणून शक्ती वीस वॅटवर आणा, पुण्याला तेवढं पुरतं.

गच्चीवर अँटेना लावायला सोसायटी नाही म्हणते. काय करू? — एक वाचक, डोंबिवली

तांब्याची बारीक इनॅमलची तार घ्या, मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते. पॅरापेटच्या आतल्या बाजूनं फिरवा. केबल पावसाच्या पाइपामागून खाली आणा, काळी असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही. तारेच्या टोकाला व्होल्टेज असतं, तिथे कपडे वाळत घालणाऱ्यांचा हात पोचू देऊ नका. आणि पुढच्या वार्षिक सभेत सोसायटीच्या सेक्रेटरींना २६ जुलै २००५ ची आठवण करून द्या. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, आणि ते स्वतः त्या रात्री कुठे अडकले होते आणि घरी फोन लागत होता का, तेवढंच विचारा.